आमचे हे आणि बर्फवाला

आमचे हे फरशी पॉलिशवाले. चौतीस वर्षं लोकांच्या घरांत मशीन फिरवली, गुडघे गेले, पण नजर शाबूत आहे. फरशीत ट्यूबलाइटची पांढरी रेघ दिसते ना, तिच्याकडे बघून हे सांगतात, कुठे फुगवटा आहे आणि कुठे खळगा. रेघ वाकली की तिथे फरशी खोटी. मिस्त्री सपाटी तपासायची पाणसळ शोधत असतो तोवर ह्यांचं बोट त्या जागेवर टेकलेलंही असतं. कुणाच्या लग्नाला गेलो तर नवरीच्या आधी हॉलची फरशी बघतात. बाकी कशाचा गर्व नाही माणसाला, पण ह्या एका गोष्टीचा आहे, आणि तो वाजवी आहे असं मलाही वाटतं.

आमची एकुलती एक लेक, घरात तिला ठकी म्हणतो, सहा वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला गेली. गेल्या थंडीत आम्ही पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. विमानतळावर तिच्याशेजारी एक उंच म्हातारा उभा होता. त्यानं ह्यांची बॅग घ्यायला हात पुढे केला, ह्यांनी बॅग सोडली नाही. दोघंही ती धरून पार्किंगपर्यंत चालत गेले.

"हा आबा," ठकी म्हणाली. "इथला माझा माणूस."

आबा म्हणजे माझे सासरे. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, ठकी त्यांच्याच खांद्यावर वाढली. गाडीत बसल्यावर हे माझ्या कानाशी लागले, "माझ्या बापाचं नाव वाटून टाकलं पोरीनं."

म्हातारा ठकीच्या तिथल्या गावातला बर्फावरच्या खेळांचा हॉल सांभाळायचा. बर्फ जमवायचा, तासायचा, त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडायचा. मी मनातल्या मनात त्याला बर्फवाला म्हणू लागले. पहिल्या थंडीत ठकीकडे धड कोट नव्हता, तो त्यानं दिला. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन रात्री हाच तिच्या उशाशी बसला. आम्हाला ते आठ दिवसांनी फोनवर कळलं होतं. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नाही, म्हणाली होती. आता उशाशी कोण होतं तेही कळलं.

मग आठवडाभर घरात दुसरं काही ऐकू येईना. आबा म्हणतो अमुक बूट घ्या, आबा म्हणतो तमक्या रस्त्यानं जाऊ नका. मोरीचा नळ गळत होता, ह्यांनी हौसेनं बाह्या सरसावल्या, तर ठकी म्हणाली, "राहू द्या बाबा, उद्या आबा येणारच आहे." ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री हे जेवले नाहीत आणि ठकीला सांगितलं, पोट बिघडलंय. पोटात दुखत होतंच म्हणा, कशानं ते मला ठाऊक होतं.

रविवारी ठकीची मॅच होती. त्या खेळाला कर्लिंग म्हणतात. बर्फाच्या लांबलचक पट्टीवर वीस किलोचा गुळगुळीत दगड वरची मूठ धरून ढकलायचा, आणि पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याशी ज्याचा दगड जवळ, तो जिंकला. गंमत म्हणजे घसरत्या दगडापुढे दोघंजण ब्रश घेऊन बर्फ घासत पळतात, म्हणजे दगड लांब जातो.

"एवढ्या लांब येऊन लोकांना झाडू मारताना बघायचं," हे म्हणाले.

आम्ही पट्टीच्या कडेच्या बाकावर बसलो. बर्फवाल्यानं ह्यांच्यासाठी उशी आणली. हे बसले नाहीत तिच्यावर, म्हणून मी बसले. पण दगड घासत गेल्याचा आवाज आला आणि हे पुढे सरकले. दगड, पाणी, घासणं, सपाटी... सगळा ह्यांच्याच धंद्याचा माल होता. थोड्या वेळानं तर हे स्वतःशीच पुटपुटायला लागले, जोर कमी पडला, आता वळणार. आणि दगड वळायचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला बघितला.

तेवढ्यात ठकीचा एक दगड नेमका मध्याशी जाऊन थांबला. ती वळली, आणि हात उंचावून हसली ती बर्फवाल्याकडे बघून. तो हॉलच्या त्या टोकाला होता, आम्ही चार हातांवर. ह्यांनी टाळ्या वाजवायला उचललेले हात खिशात घातले.

शेवटच्या डावाला बरोबरी होती, आणि जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत जायचं होतं. ठकी ह्यासाठी तीन वर्षं झटत होती. तिच्याकडे शेवटचा दगड होता, पण समोर मधोमध दुसऱ्यांचे दगड आडवे बसलेले. वाट होती ती फक्त डाव्या भिंतीकडून, आणि तिकडून दिवसभरात एकही दगड गेला नव्हता. पाइप फुटल्यामुळे सगळा बर्फ परवाच नव्यानं जमवलेला. ठकी धावत आमच्याकडे आली.

"बाबा, डावीकडचा बर्फ बघा जरा. कसा वाटतो?"

हे वाकले. छतावरच्या दिव्यांची रेघ बर्फात पडली होती. ह्यांनी उजवा डोळा मिटला. चौतीस वर्षं संसार केलाय, हे कधी डोळा मिटतात ते मला कळतं. फरशी खोटी असली की. हात खिशातून निघाला, बोट वर आलं.

"आबा म्हणतो सपाट आहे," ठकी घाईनं म्हणाली.

बोट खाली गेलं. "तो म्हणतो ना? मग असेल सपाट."

मी बोलायला हवं होतं. नुसतं इतकंच, की थांब गं, बाबांना काहीतरी दिसलंय. पण मी मूग गिळून बसले. खोटं कशाला सांगू, आबा म्हणतो ते एकदा तरी चुकतं का, हे मलाही बघायचं होतं.

ठकीनं दगड सोडला. छान चालला होता. भिंतीजवळ आला आणि कुणी ओढल्यासारखा बाजूला गेला. ब्रशवाली पोरं जीव खाऊन घासत होती, तरी तो वर्तुळाबाहेर जाऊन थांबला. मॅच गेली. दुसऱ्या बाजूच्यांनी येऊन हात मिळवले. बर्फवाला त्या जागेवर गेला, गुडघे टेकले आणि तळव्यानं बर्फ चाचपू लागला.

ठकी आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही डोळा मिटला होतात. दिसलं होतं ना तुम्हाला?"

"मला कुठे दिसतंय आता," हे म्हणाले. "वय झालं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आई?"

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हणाले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोघांकडे पाळीपाळीनं बघितलं. "आबा म्हणतोय, त्याच्यामुळे हरलो," एवढंच म्हणाली आणि गेली. बर्फवाल्याशेजारी गुडघे टेकून बसली. त्याचे खांदे हलत होते.

"अर्धं सूत खोल," हे हळूच म्हणाले. "भिंतीपासून दोन हातांवर, ताटाएवढा खळगा. त्याच्या हातभर अलीकडे चाचपतोय तो."

"मला काय सांगता? तिला जाऊन सांगा."

हे गुडघ्यावर हात रोवून उठले. दोन पावलं गेले. तिकडे ठकी म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. हे परत येऊन बाकावर बसले, आणि मीही त्यांना पुन्हा जा म्हटलं नाही.