थापट्यांची आरती

मंगळवारी सकाळी इंदूरच्या रुग्णालयात माझी मुलगी रेवा आम्हाला सोडून गेली. दुपारी आम्ही तिला देवासला घरी आणलं.

तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. या आजारात छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात आणि प्रत्येक संसर्ग फुप्फुसाचा थोडा भाग घेऊन जातो. रोज संध्याकाळी मी रेवाला मांडीवर पालथं घालून, तळहाताची वाटी करून पाठीवर थापट्या देत असे, देवीच्या आरतीच्या तालावर. आरती संपेपर्यंत उठायचं नाही, असा आमचा करार होता. धारच्या वैशालीशी ओळख फोनवरच झाली; तिच्या मुलीला, चिनूलाही हाच आजार. अशा दोन मुलांनी जवळ येऊ नये, एकीचे जंतू दुसरीच्या जिवावर बेततात, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे आम्ही कधी भेटलोच नाही. फोन स्पीकरवर ठेवून मी आरती म्हणायची आणि दोन गावांत दोन पाठींवर थापट्या पडायच्या.

सुतकात आरती बंद होती. तेराव्याला शेजारीण म्हणाली, "भाभी, माताजीची मर्जी." तिला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं. जिच्या आरतीवर मी लेकीचा श्वास मोकळा करत आले, तिची ही मर्जी? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघरातला देवीचा चांदीचा टाक मी फडक्यात बांधला. टेकडीवरच्या देवळात नेऊन ठेवायचा आणि सांगायचं, तुझं तू सांभाळ. चपला घालत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, चिनूला ताप आहे, छाती भरलीय. मोबाइलवरची आरती लावली तर पालथीच होत नाही. बोलते, रेवाच्या आईवालीच पाहिजे."

"वैशाली, मी आता देवीचं नाव घेणार नाही."

"देवीशी काय भांडायचं ते तुम्ही भांडा, ताई. मला फक्त ताल द्या."

मागून खोकत चिनू ओरडली, "मावशी, धीरे मत गाना! मम्मी फिर देर तक मारती है!"

मी उंबऱ्याशी बसले. शिव्या द्याव्यात तशी आरती म्हटली. आवाज फाटला, तरी थांबता येईना, कारण तिकडून थापट्या ऐकू येत होत्या. मग चिनूला खोल खोकला आला आणि वैशाली म्हणाली, "निकला, ताई. सुटला कफ."

तो फोन त्याच वेळी का आला, मला ठाऊक नाही. देवीला मी क्षमा केलेली नाही. पण माझा गळा फक्त माझ्या दुःखासाठी नाही, एवढं त्या संध्याकाळी मला कळलं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, रागासकट.

टाक देवघरात आहे, फडक्यात बांधलेलाच. संध्याकाळी धारचा फोन येतो. मी आरती म्हणते.