आधी बाहुल्या, मग मशीन

म्हैसूरच्या विजयनगर भागात बोलतात की नागरत्नाबाईंना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही. शिकवतात म्हणे प्रोग्रामिंग, पण लॅबला कुलूप आणि पोरं वर्गात बाहुल्या खेळतायत.

कुलूप खरं, बाहुल्याही खऱ्या. बाकी थापा. कुलूप बाईंनी स्वतः घातलंय आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये असते. वरुणा गावाकडची बरीच मुलं कन्नड शाळेतून येतात. स्क्रीनवर इंग्रजीत तांबडी चूक उमटली की त्यांचे हात जे मांडीवर जातात, ते परत वर येत नाहीत. म्हणून बाई आधी स्वतःच मशीन होतात. "मी मठ्ठ. सांगाल तेवढंच करीन."

यंदा मंजुनाथ दारातच अडला. पहिल्या परीक्षेत तो आपटला होता.

"दसऱ्यानंतर येत नाही, मॅडम. घरी गाई आहेत. हे डोकं आमच्या घराण्यात नाही."

"घराण्याचं मग बघू. आज बाहुल्या तू लाव."

टेबलावर दसऱ्यात घरोघरी मांडतात त्या बाहुल्या होत्या: उंच राजा, बुटकी राणी, मधल्या उंचीचा शेट्टी दुकानदार. मंजुनाथने हळूहळू हुकूम दिले. शेजारच्या दोन बघा. डावीकडची उंच असली तर जागा बदला. काही बदलायचं उरत नाही तोपर्यंत पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी चेहरा दगडासारखा ठेवून तसंच केलं. राणी, शेट्टी, राजा.

मागच्या बाकावरून सुमा ओरडली, "अय्यो, नवरा-बायकोच्या मधे शेट्टी?"

वर्ग हसून लोळला. म्हैसूरच्या कुठल्याही घरात राजा-राणी कुणी वेगळे मांडत नाही.

"मला कुणी सांगितलं होतं?" बाई म्हणाल्या.

मंजुनाथचे कान लाल झाले. तो दाराकडे बघू लागला. बाई हलल्या नाहीत. मशीन कशाला हलेल? शेवटी तोच परत वळला. "राजा-राणी मिळून एकच बाहुली समजा. उंची राजाची धरा."

शेट्टी मुकाट्याने बाजूला झाला. बाईंनी पर्समधून लॅबची किल्ली काढली आणि मंजुनाथच्या हातात ठेवली. "जा, आता हेच त्या दुसऱ्या मठ्ठाला सांग."

संध्याकाळी बाईंनी हे घरी सांगितलं. मी त्यांची भाची. मंजुनाथचा पडेल आवाज काढून मी म्हटलं, "गाई आहेत, मॅडम." मग माझ्या आवाजात, "आत्या, तो येत नाही. पैज."

"बरं गे. आला तर एक दिवस माझ्या जागी मशीन तू."

दसरा झाला. सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी झाडूवालीच्या आधी मंजुनाथ लॅबच्या दारात उभा. "किल्ली, मॅडम."

मग काय, मी टेबलामागे उभी राहिले. पहिला हुकूम त्यानेच दिला.

"मॅडम थांब म्हणेपर्यंत तोंड बंद ठेव."

आत्या अजून थांब म्हणालेली नाही. म्हणून हे लिहून सांगतेय.