बारा दिवस बाटलीत राहिलेली गाठ

संतापाचे प्रसंग मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आमच्या पांढुर्ण्यात एका आजारी माणसाबरोबर दोन महिने फिरा; उरलेले आयुष्य सांगायला पुरतील एवढे आपोआप साठतात. माझे साठले ते शांताबाई मेश्राम यांच्यामुळे. त्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षे शिपाई होत्या. आता मोहगावला असतात. त्यांच्या मानेवरची गाठ काढली, तोवर काखेत दुसरी वाढू लागली होती. गाठ कोणत्या जातीची, हे कळल्याशिवाय डॉक्टर औषध सुरू करणार नव्हते.

•

सौसरच्या सर्जननी गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून दिली. ती बाटली मी स्वतः आमच्या गावातल्या नमुना केंद्रात गजाननच्या हाती सोपवली. गजानन माझाच विद्यार्थी! नमुना दुसऱ्या दिवशी नागपूरच्या लॅबला जायचा होता. पण दुसऱ्या दिवशी पोळा, आणि तिसऱ्या दिवशी गोटमार : नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर दगड फेकतात.

अहवालाचा पत्ता नाही, म्हणून बाराव्या दिवशी मी चौकशीला गेले, तर गजानन डोक्याला पट्टी बांधून बसलेला.

"बाई, आठ टाके पडले! पण झेंडा आपल्याच बाजूले आला!"

"आणि शांताबाईंचा नमुना?"

त्याने टेबलाखालून बाटली काढली. "हा पाहा न! दवाईतच हाय. लोणचं कुठं खराब होते, बाई?"

•

लॅबचा पहिला अहवाल एकदाचा आला : गाठ संशयास्पद आहे, ऊतीवर प्रतिपिंडांची चाचणी करावी.

शांताबाईंचा भाचा प्रदीप म्हणाला, "ॲन्टीबॉडी? ते तं आत्याची कोरोनात झाली! कागद घरीच हाय, तोच दाखवू."

मी त्याला समोर बसवले. रक्तातली प्रतिपिंडे मोजणे वेगळे. इथे लॅबमधली प्रतिपिंडे गाठीच्या अगदी पातळ कापावर घालतात. प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक खूण असलेल्या पेशींनाच चिकटते, आणि चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवतात. त्यावरून शरीराच्या राखणदार पेशींपैकी कोणती जात बिघडली, ते कळते. वीस मिनिटे मी बोलत होते. प्रदीप एकाग्रतेने ऐकत होता.

"समजलं, बाई," तो म्हणाला. "म्हंजे निगेटिव्ह आली तं घरी!"

•

या चाचणीसाठी गाठ बसवलेला मेणाचा ठोकळा नागपूरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचा होता. तो गजाननच्या केंद्रात परत आला होता. त्याने माझ्यापुढे दोन पाकिटे ठेवली. दोन्हींवर एकच नाव : शांताबाई.

"यातले आमचे कोणते?"

"दोघी बी साठीच्याच हायेत, बाई. तुमाले जे पटन ते न्या."

जे पटेल ते! मी बाकावर बसले. म्हणाले, "पूर्ण नाव सापडेपर्यंत मी इथून उठणार नाही." नोंदवह्या निघाल्या, नागपूरला फोन झाले, ठोकळ्यांवरचे क्रमांक ताडून पाहिले. तीन तास लागले. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "तुमी वर्गात बी असंच करत होत्या, बाई!"

"उपयोग झाला नाही, हे दिसतेच आहे!"

•

नागपूरला पहिल्या खेपेस रंग उमटलाच नाही. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण प्रश्न नेमका विचारला : "नमुना फॉर्मेलिनमध्ये किती दिवस होता?"

"बारा," मी म्हणाले. हा आकडा उच्चारताना माझीच मान खाली गेली.

इतके दिवस राहिले की पेशींवरच्या खुणा झाकल्या जातात, प्रतिपिंडाला चिकटायला जागाच सापडत नाही, असे त्यांनी सांगितले. आता काचपट्टी गरम द्रावणात अधिक वेळ ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा. आणखी एक आठवडा. काखेतली गाठ एव्हाना लिंबाएवढी झाली होती.

मी तिथूनच गजाननला फोन लावला. "गजानन, लोणचे खराब झाले आहे!" आणि पुढे जे बोलले, ते शाळेत कधीही बोलले नव्हते.

बरोबर आलेल्या शांताबाई माझा पदर ओढत होत्या. "बाई, बस करा न. तुमचा बीपी वाढून राहिला!"

•

आठवड्याने रंग उमटला. डॉक्टरीणबाईंनी शांताबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले.

"या तपकिरी पेशी दिसतात ना, त्याच बिघडल्या आहेत. यांच्यावर नेमके औषध आहे. सोमवारी सुरू करू."

"ह्या कोनाच्या?"

"तुमच्याच. एरवी रोगांशी लढणाऱ्या."

शांताबाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. सव्वीस वर्षांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता.

"लाज नाही वाटत? राखणीले ठेवलं होतं न तुमाले!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी काचपट्टी किंचित सरकवली; भिंगाखाली दुसऱ्या तपकिरी पेशी आल्या. शांताबाईंनी पुन्हा डोळा लावला.

"अन् तुमाले बी!"