आत्यांची उलटतपासणी

रुसलेल्या गाडीला बोटही न लावता ती का रुसली हे सांगणारं माणूस मुलुंडच्या नाक्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत एकच होतं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. माझ्या बायकोच्या या आत्या. ठाण्यात, नौपाड्यातल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलं नाही, गाडी घेतली नाही, आणि दोन्हींबद्दल कुणी विचारलं तर 'सांभाळणाऱ्यांचे हाल रोज बघते की' एवढंच म्हणायच्या. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी लघुलेखिका म्हणून सगळी नोकरी काढली, त्यातली बरीचशी मोटारअपघातांच्या दाव्यांत. वर्षानुवर्षं मेकॅनिक लोकांच्या साक्षी टिपून घेता घेता गाडीच्या पोटात काय काय असतं आणि ते कसं कसं बिघडतं, हे त्यांना पाठ झालं होतं. त्याहून जास्त पाठ झाली होती ती गाडीच्या मालकांची जात. गाडी कधी खोटं बोलत नाही, मालक बोलतो, हा त्यांचा आयुष्यभराचा निष्कर्ष.

निवृत्त झाल्यावर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून की काय, रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपला साचायला लागल्या. तो काळ चोक ओढून गाडी सुरू करण्याचा. सगळ्यांच्या गाड्या म्हाताऱ्या, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की सेल्फ मारला की गुरगुरते पण उचलत नाही. आत्या त्या माणसाला दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसवायच्या, वही-पेन्सिल घ्यायच्या आणि त्याचं म्हणणं लघुलिपीत उतरवून घ्यायच्या. 'मला वाटतं' असं कुणी म्हणालं की पेन्सिल थांबायची. "वाटलं ते नको," त्या म्हणायच्या, "दिसलं ते सांगा." पेट्रोलचा वास येतो का, थंड असताना त्रास देते की तापल्यावर, टाकी शेवटची कधी भरली, कुठल्या पंपावर, गाडी उभी असते ती जागा सपाट आहे की उताराची. नवऱ्याची साक्ष झाली की त्याला गॅलरीत पाठवायचं आणि बायकोला आत बोलवायचं. खरं काय घडलं ते नेहमी या दुसऱ्या साक्षीत निघायचं.

चरईतल्या एका दातांच्या डॉक्टरांची गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, पण दुपारी भाजी घ्यायला पाच मिनिटं थांबले की मग काही केल्या उठायची नाही. त्यांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले, शेवटी भाजीवाला बदलला. आत्यांनी विचारलं, हे सगळं मे महिन्यातच का? मग सांगितलं की उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा आणि दहा मिनिटं धीर धरा. डॉक्टरांना फडक्याचं पटलं, धीराचं जमलं नाही. कोलबाडचे फ्रान्सिस अंकल म्हणायचे की गाडी घरी सुरू होता होत नाही आणि चर्चपाशी लगेच होते, त्यामुळे यात काहीतरी दैवी आहे. त्यांच्या बायकोच्या साक्षीत निघालं की घरापुढे चढ आहे, गाडी तोंड वर करून उभी असते आणि टाकीत पेट्रोल तळाला गेलेलं असतं. काटा मात्र अर्ध्यावर दिसायचा, कारण तो गेल्या गणपतीपासून अर्ध्यावरच अडकलेला होता. "देवाला मध्ये घेऊ नका," आत्या म्हणाल्या, "पेट्रोल घ्या." वागळे इस्टेटमधला एक जाडजूड मिस्त्री आपलं गिऱ्हाईक का आटतंय हे बघायला एकदा तावातावानं आला. दोन तास वाद घालून गेला आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या गॅरेजमधली अडलेली केस घेऊन परत आला. तेव्हापासून तो खालूनच चपला काढून वर यायचा.

आता ज्या बाईला मुलखातल्या गाड्यांची गुपितं ठाऊक, तिला स्वतःच्या सख्ख्या भावाची गाडी नऊ वर्षं बघायला मिळाली नव्हती, आणि त्याला कारण झालं ते माझं लग्न. हा भाऊ म्हणजे माझे सासरे. आंबिवलीला राहायचे, तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा जीव की प्राण म्हणजे त्यांची दुधी रंगाची गाडी. लग्न लागल्यावर लेकीला सासरी आपल्याच गाडीतून पोहोचवायची, असा त्यांचा हट्ट. पुढे ते आणि शेजारी माझे वडील, मागे मी, नवी बायको आणि आत्या. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि झेंडूच्या माळांसकट ती रस्त्यात थांबली. सासरे सेल्फ मारत राहिले. मागून आत्यांनी शांतपणे विचारलं की पेट्रोल कधी भरलं. काल, असं उत्तर आलं. काल किती वाजता? संध्याकाळी. संध्याकाळी तर तू मांडवात पानसुपारीच्या ताटांवरून आचाऱ्याशी भांडत होतास, मग भरलं कुणी? माझे वडील खिडकीबाहेर बघू लागले. मी बायकोकडे बघितलं, ती शालूच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. हसत होती की रडत होती हे मला अजून कळलेलं नाही. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला सासरे म्हणाले की विसरलो. नव्या व्याह्यासमोर, मुलीच्या पाठवणीला, पेट्रोल भरायला विसरलेला बाप. ते खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि बहिणीला म्हणाले, "तुझं झालं असेल तर उतर." आत्या उतरल्या, रिक्षा केली आणि ठाण्याला निघून गेल्या.

त्यानंतर नऊ भाऊबिजा आल्या आणि गेल्या. आम्ही कल्याणला, म्हणजे दोघांच्या मधोमध राहायचो. दोघं आमच्याकडे यायचे, पण एक येणार असेल तर दुसऱ्याची तब्येत बिघडायची. बायकोनं दोघांना समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आत्या म्हणायच्या, मी खोटं काय बोलले? सासरे म्हणायचे, तिनं खरं बोलायची वेळ तरी बघायची. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटायला काही वावच नव्हता. मग माझ्या सासूबाई गेल्या. आत्या दहाव्याला आल्या, मागच्या रांगेत बसल्या, आणि भाऊ समोर यायच्या आत निघून गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी सासऱ्यांचा फोन आला. गाडी उचलत नाही. इथल्या मेकॅनिकनं हात टेकले. तर तुमच्या आत्यांना सहज विचारून बघा, माझं नाव काढू नका. मी ठाण्याला गेलो आणि एका मित्राची गाडी म्हणून सांगायला लागलो. दुसऱ्याच प्रश्नाला आत्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, मित्राची गाडी दुधी रंगाची आहे का? उत्तराची वाटही न बघता त्यांनी वहीचं पान उलटलं आणि प्रश्नांची यादी माझ्या हातात दिली.

पुढचे तीन रविवार मी कोर्टाचा बेलिफ झालो. नौपाड्यातून प्रश्न घ्यायचे, आंबिवलीला पोहोचवायचे, उत्तरं घेऊन परत. वास येतो का? येत नाही. कार्बोरेटरमध्ये वरून थोडं पेट्रोल ओतलं तर? क्षणभर चालते आणि मरते. म्हणजे इंजिन ठीक, पेट्रोलच वर पोचत नाही. टाकीत पेट्रोल आहे का, या प्रश्नाला सासऱ्यांनी तोंडी उत्तर दिलंच नाही, पंपाची पावती पाकिटात घालून पाठवली. आत्यांनी ती उजेडात धरून वाचली आणि वहीत जपून ठेवली. त्या दिवशी त्यांनी मला दुसरा चहा विचारला, जो त्या कुणाला विचारत नसत. तिसऱ्या रविवारी मात्र कपाळाला आठी पडली. पहिल्या साक्षीत गाडी बाजारातून येऊन बंद पडलेली होती आणि तिसऱ्या साक्षीत ती दोन महिने हललेलीच नव्हती. साक्षीदार फिरतोय, असं त्या म्हणाल्या. मग वही मिटून मला विचारलं, "शनिवारी मोकळे आहात का? समक्ष बघावं लागेल."

आंबिवलीला सासरे फाटकातच उभे होते, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. दोघं एकमेकांशी बोलेनात. त्यांना म्हणावं पाणी घ्या, असं सासरे मला म्हणाले. त्यांना म्हणावं आधी गाडी, असं आत्या मला म्हणाल्या, आणि दोघांत अंतर होतं चार पावलांचं. मी बॉनेट उघडलं. आत्यांनी चष्मा पुसला, पंपापर्यंत येणाऱ्या रबरी नळीवर बोट ठेवलं आणि तिथली पकड सोडवायला सांगितलं. पकडीचा स्क्रू चकचकीत होता, त्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे. मी नळी काढली. आतून एक चिंधी निघाली, पांढरी, पंच्याची. जुन्या टाकीतला कचरा गंजाचा असतो, तांबूस असतो, आणि तो आपल्या पायांनी पंच्यातून फाटून नळीत जात नाही. कुणीतरी ती बोटानं नीट कोंबलेली होती. ते कुणीतरी आमच्या पाठीमागं उभं राहून जांभळाच्या झाडाची पानं निरखत होतं.

इतकी सरळ केस आत्यांच्या पुढ्यात कधी आली नसेल. पुरावा हातात, आरोपी हजर, साक्षीला घरचा जावई. त्यांनी ती चिंधी तळहातावर घेऊन पाहिली. मग मूठ मिटली.

"कचरा आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या टाकीत व्हायचाच. कुणाची चूक नाही."

मी नळी बसवली. आठ-दहा सेल्फ खाऊन गाडी खोकली आणि सुरू झाली. तिचा आवाज ऐकत तिघंही उगाच उभे राहिलो. मग आत्या भावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दादा, चहा तू ठेवतोस का मी ठेवू?"

"तुला साखर सापडायची नाही," सासरे म्हणाले, "मीच ठेवतो." आणि ते घाईघाईनं आत गेले, कारण त्यांना डोळे पुसायचे होते.

पुढची चार वर्षं दर दुसऱ्या शनिवारी सासरे आंबिवलीहून ठाण्याला गाडी काढायचे. जुनी गाडी उभी राहिली की पेट्रोल खराब होतं, म्हणून चालवावी लागते, असं कारण ते सांगत, आणि आत्या तज्ज्ञ म्हणून त्याला दुजोरा देत. दोघं घोडबंदरला, कधी टिटवाळ्याला जाऊन यायचे. गाडी एकदाही बंद पडली नाही. नंतर सासरे गेले, अगदी शांतपणे, दुपारच्या झोपेत.

गाडी आता आमच्याकडे कल्याणला असते. आत्यांकडे हल्ली कुणी येत नाही. नव्या गाड्या आपलं दुखणं संगणकाला परस्पर सांगतात, आणि आत्यांनाही कमी ऐकू येतं. गेल्या महिन्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, जरा गाडीत बसवा मला. मी चोक ओढून सेल्फ मारला, एकदा, दोनदा, तीनदा. गाडी उचलेना. जुन्या सवयीनं मागे वळून मी मोठ्या आवाजात सांगायला लागलो की पेट्रोल परवाच भरलंय, फिल्टर नवा आहे, वास येत नाहीये.

आत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "नाही झाली सुरू, तर बसू इथंच थोडा वेळ."