जरा हलकं कर ना, ताई

मी रेग्युलेटर दुरुस्त करते म्हटलं की गोवंडीतल्या आमच्या शेजारणी विचारतात, पंख्याचा की गॅसचा? पाण्याखाली जाणाऱ्या माणसाच्या तोंडातला, असं सांगितलं की गप्प होतात. एकीने तर विचारलं होतं, "म्हणजे तू दातांचं काम करतेस?" कपाळ माझं.

घाटकोपरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. अकरा वर्षं मी तिथेच आहे. काम सोपं करून सांगते. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते आणि दातांत धरायला एक वाटीएवढा डबा, तोच रेग्युलेटर. त्याने श्वास ओढला की डब्यातली झडप उघडते आणि हवा येते. ती किती सहज उघडावी हे आतल्या एका स्क्रूवर असतं. घट्ट केला की श्वास ओढायला जोर लागतो. फार सैल केला की हवा आपोआप वाहत राहते आणि टाकी फुकट रिकामी होते. मधली जागा शोधायची, हे माझं काम. गाळ्यात त्यासाठी मीटर आहे, पण माझा भरवसा बादलीवर. टाकीला जोडलेल्या डब्याचं तोंड वर ठेवून तो हळूहळू पाण्यात बुडवायचा, शेजारी शाळेतली फूटपट्टी उभी धरायची. एक ते सव्वा इंच बुडला की फस्स करून हवा सुटली पाहिजे. सुटली की समजायचं, हा माणूस खाली सुखाने श्वास घेईल.

माझा धाकटा भाऊ पाणबुड्या. माहुलच्या बाजूला जेट्टीवर जहाजं लागतात, त्यांच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खाली जाऊन घासायचे, हे त्याचं काम. आई गेली तेव्हा तो नववीत होता. पुढे त्याला मीच वाढवला, त्याच्या रेग्युलेटरलाही माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

पाऊस संपल्यावर पहिल्यांदा तो गाळ्यात आला आणि बोलला, "ताई, हे जड झालंय गं. जरा हलकं कर ना."

मी उघडलं, साफ केलं, मिठाचा कण शोधला. काही नव्हतं. बादलीत घातलं तर बरोबर सव्वा इंचाला फस्स. तरी म्हटलं, बोलतोय ना, करूया. स्क्रू जरासा सैल केला, एक इंचावर आणलं. त्याने ओढून पाहिलं. "झकास!"

बारा दिवसांनी परत तेच. "ताई, जरा अजून." मी अजून सैल केला, पाऊण इंच. तो परत आला, मी परत सैल केला. चौथ्या वेळी मी डबा टेबलावर ठेवला तर त्यातून आपोआप हवा सुटायला लागली. कोणी तोंडात धरला नव्हता की काही नाही, नुसता सूंऽऽ आवाज.

"आता याच्यापुढे हलकं होत नाही रे," मी बोलले, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. मशीन ठीक होतं. पहिल्या दिवसापासून ठीक होतं. जड झाली होती ती याची छाती, आणि मी आपली दर वेळी स्क्रू फिरवून त्याला परत पाण्यात धाडत होते.

मग मला एकेक आठवायला लागलं. इमारतीच्या जिन्यात हा पहिल्या मजल्यावर थांबून मोबाईल बघायचा. झोपताना कायम डाव्या कुशीवर, दोन उशा घेऊन. संध्याकाळी अंग गरम. विचारलं की "थकलोय यार." घरात दोनच माणसं आणि मला दिसलं नाही! त्याचं ताट वाढणारी मी, कपडे धुणारी मी. मला माझीच लाज वाटली.

"डॉक्टरकडे चल. आत्ता."

"काय झालंय मला? तुझा स्क्रू झिजलाय."

"मेल्या, माझा स्क्रू झिजला तर तुझं अंग का तापतं?"

तो उठला. दरवाजात उभा राहून हळू आवाजात बोलला, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा छातीचा फोटो काढला आणि त्यात काही निघालं, तर मला कोणी पाण्यात सोडणार नाही. पाण्याबाहेर मी कोण आहे? बारावी नापास." आणि गेला.

आठ दिवस आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही. मी भांडी आपटायचे, तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? त्याच्या मुकादमाला फोन करावा म्हणून तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. कळवलं असतं तर भाऊ वाचला असता, पण जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. आणि नाही कळवलं तर? रात्रंदिवस डोक्यात एकच, तळाशी याला धाप लागली तर वर कोण आणणार.

नवव्या दिवशी दुपारी तो गाळ्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं काम होतं, एका जहाजाचं अख्खं पोट घासायचं, सहा दिवस लागणार. डबा माझ्यासमोर ठेवला आणि हसून बोलला, "हलकं नको करू. उलट गळतंय, तेवढं बंद कर. मी बरा आहे आता."

बरा आहे म्हणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोन जिने चढून आला होता आणि शर्टाच्या आत गळ्याजवळची खळी धपाधपा उडत होती.

मी त्याच्याकडे पाठ केली. लांब पाना घेतला आणि अकरा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. स्क्रू घट्ट केला. गळती थांबली तरी थांबले नाही, फिरेल तितका फिरवला. बादलीत घातला तर सव्वा इंच गेला, दोन गेले, तीन गेले, साडेतीन इंचाला कुठे एक बुडबुडा आला. असा रेग्युलेटर मी शत्रूच्याही हातात दिला नसता. मनात म्हटलं, देवा, याला आता तरी म्हणू दे जड आहे. एकदा म्हण रे. मग मी तुला उचलून डॉक्टरकडे नेईन.

टाकीला जोडून त्याच्या हातात दिला. "बघ ओढून."

त्याने दातांत धरला आणि ओढला. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. खांदे उचलले गेले, डोळ्यांत पाणी आलं. दुसरा श्वास. तिसरा. मग डबा काढला, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

"झकास, ताई. एकदम हलकं."

मी त्याच्या हातातून डबा घेतला, स्वतःच्या तोंडात धरला आणि ओढला. माझी छाती धडधाकट, तरी मला ठसका लागला. मग फूटपट्टी बादलीत उभी केली आणि त्याच्यासमोर डबा बुडवला. एक. दोन. तीन. साडेतीन. या धंद्यातला माणूस तो, त्याला काय समजवायचं?

"पूर्ण घट्ट केलाय मी," मी बोलले. "आणि तू मला हलकं म्हणालास. उद्या हे घेऊन खाली गेला असतास. गेला असतास ना, गाढवा? बोल!"

मी ओरडत होते. बाजूच्या गाळ्यातली मशीन थांबली, लोक डोकावले, तरी मी ओरडत होते. तो स्टुलावर बसला आणि ओल्या फूटपट्टीकडे बघत राहिला. मग आई बोलायची तसं मालवणीत बोलला. शाळेत जायला लागल्यापासून त्याने ती घरात कधी बोलली नव्हती.

"माका भिया वाटता गो, ताई."

त्याला धरून मी दोन मजले उतरवलं. प्रत्येक जिन्यावर थांबलो. या वेळी त्याने मोबाईल काढला नाही.

सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. डावी बाजू अर्ध्याहून जास्त पांढरी. "छातीत पाणी झालंय. टीबीचं दिसतंय. काम काय करतो हा?" मी सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "इतके दिवस असा पाण्यात उतरत होता? आणि घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" त्यांनी पाठीतून सुई घालून पाणी काढलं, चहाच्या रंगाचं, दीड बाटली. तो उशीला मिठी मारून बसला होता आणि मी त्याचं डोकं धरून उभी होते.

गोळ्या सुरू झाल्या. ताप गेला, भूक लागली, पण डावं फुफ्फुस पूर्ण उघडेना. पाण्यात परत जाईल का, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी जिना चढू दे. मग त्यांनी व्यायामाला एक प्लास्टिकचं खेळणं दिलं, तीन नळ्या आणि तीन गोळे. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, गोळे वर गेले पाहिजेत. धडधाकट माणसाचे तिन्ही जातात.

पहिल्या दिवशी त्याने खाटेवर बसून ओढलं. मानेच्या शिरा परत तशाच वर आल्या. पहिला गोळा अर्ध्यापर्यंत गेला, थरथरला आणि खाली पडला. त्याने परत ओढलं. परत पडला. मग तोंडातून नळी काढली, आणि सवयीने, विचार न करता, ते खेळणं माझ्यापुढे धरलं.

"ताई, जरा हलकं कर ना."

माझा हातही सवयीने पर्समधल्या पान्याकडे गेला होता. हात मी तसाच रिकामा बाहेर काढला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

"याला स्क्रू नाही रे, बाळा," मी म्हटलं. "ओढ."