दोन टायम, साहेब

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दत्तोबाला ओळखत नव्हता — एवढंच.

दत्तोबा आणि मी चिंचवडच्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे करायचो. तो परभणीकडचा, मी निघोज्याचा. पंधरा वर्षं त्या धुळीत काढली आणि दोघांच्याही छात्या वाजायला लागल्या. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना पंप दिला — तोंडात धरून दाबायचा, तेव्हा नवीनच निघालेला. तीन महिने सकाळ-संध्याकाळ घ्या, म्हणाले. दोघांना गुण आला तर खोकणाऱ्या सगळ्यांना कंपनीकडून मिळवून देतो.

दत्तोबा चारचौघांत पंप ओढायचा. पोरं म्हणायची, म्हातारा चिलीम ओढतोय. तोही हसायचा. आणि मी? मला वाटायचं, पंप हातात दिसला की माणूस दमेकरी ठरला. मग साच्यांवरून उचलून स्टोअरात बसवलं तर? धाप लागायची, पण तोरा काही उतरत नव्हता.

मी तो घेतलाच नाही. पण डॉक्टर पंप हलवून बघायचे — रिकामा तर व्हायला हवा. म्हणून रोज दोन वेळा मोरीचं दार लावून हवेत दाबायचो. एक दिवस चुकला नाही. औषध घ्यायला याहून जास्त कष्ट पडले असते का?

दर महिन्याला डॉक्टर नळीत फुंकायला लावत. दत्तोबाचा काटा वर सरकला, माझा होता तिथंच.

"रोज घेतोस ना?"

"व्हय साहेब, दोन टायम."

तीन महिने तीनदा विचारलं, तीनदा हेच सांगितलं. शेवटी कंपनीनं कळवलं — दोघांतल्या एकाला काडीचाही फरक नाही, मग हे औषध कशाला? पंप बंद झाले, आणि विकत घ्यायची आमच्यासारख्यांची ऐपत नव्हती. डॉक्टर बिचारे माझीच समजूत घालत बसले.

आठवड्यानं दत्तोबा माझ्या खोलीवर आला. जिन्यात तीनदा थांबल्याचं मला आतून ऐकू येत होतं.

"भाऊ, तुमाला तर गुण न्हाई आला. तुमच्या पंपात काही उरलं असंल तर द्या की. मला लई बरं वाटायलं होतं त्यानं."

उरलेला पंप मी आदल्याच दिवशी मोरीत दाबून दाबून संपवला होता, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. दवाखाना चार पावलांवर होता. मी घेतलाच नाही, एवढं सांगितलं असतं तर त्याचा पंप पुन्हा चालू झाला असता. हे मला तेव्हाही कळत होतं — कळत नव्हतं असं नाही. मी म्हणालो, "संपला." उगाच मागितलं म्हणून तोच ओशाळला. चहा प्यायला आणि गेला.

पुढं त्याला आडवं होता येईना, बसूनच झोपायचा. दुसऱ्या थंडीत तो गेला. खांदा द्यायला मी सगळ्यांत पुढे होतो. लोक म्हणाले, दोघांचा किती जीव होता एकमेकांवर.

मी हो म्हणालो.