ओल्या चुन्याचा वास

कॉलेजच्या भिंतीला नाक लावून वास घेणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय, आणि तेव्हा शरमेनं मेल्याहून मेल्यासारखी झाले होते.

त्यांना अख्खं तुळजापूर आप्पाच म्हणायचं. आमच्या शेजारी त्यांचं कापडाचं दुकान. कपाळाला भस्माचे पट्टे, बोलण्यात मराठी-कानडीची मिसळ. मालासाठी सोलापूर-विजापूर करता करता आप्पा गल्लीतल्या काठावर पास झालेल्या पोरांना कॉलेजं शोधून द्यायचे. "जुनं कॉलेज मार्क बघतंय," म्हणायचे, "नव्याला पोरं पायजेत. भिंतीचा चुना ओला हाय? मग शिरायचं!"

निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकता शिकता माझा जीव मेटाकुटीला आला. मॅट्रिक झाले, तीही थर्ड क्लासात. माझे बाबा वकील. निकाल ऐकला आणि त्यांनी ईट गावच्या स्थळाला होकार कळवून टाकला. शुक्रवारी, निजामाच्या कचेरीच्या सुट्टीला, पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. मला शिकायचं होतं हो! पण थर्ड क्लासवालीचं ऐकतंय कोण?

आप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. "वकीलसाब, शुक्रवारपतूर मुदत द्या."

"आणि कॉलेज नाही मिळालं तर?"

"तर सुपारी म्याच आणतो."

दाराआड मी देवीला हात जोडले.

बुधवारी आप्पा, त्यांची बायको अव्वा आणि मी मोटारीनं निघालो. निजामाच्या सरहद्दीच्या नाक्यावर शिपायांनी बोचकी उसकटली, मोटार खोळंबली. सोलापुरातल्या एका कॉलेजात आप्पांनी भिंत हुंगली. "ओला हाय, चला!" आतल्या साहेबांनी माझी गुणपत्रिका बघितली आणि तशीच परत सरकवली. कॉलेज जुनंच निघालं, रंग तेवढा नवा!

"त्या नाकाला आता औषध घाला," अव्वा कडाडल्या.

गुरुवारी विजापूर. नव्या कॉलेजपाशी पोचलो, पण आप्पा भिंतीकडं जाईनात. त्यांचाच धीर खचला होता. "पोरी, आज तू बघ," म्हणाले. रडून रडून माझं नाक चोंदलेलं, वास कसला येतोय! तरी नाक लावलं आणि जीव मुठीत धरून म्हटलं, "ओला आहे, आप्पा."

तिथले साहेब म्हणाले, "मार्क चालतील. पण मुलींना राहायची सोय नाही."

मी गुणपत्रिका परत घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात अव्वा पुढं झाल्या. "माजं म्हायेर हितंच हाय. तिथं ऱ्हाईल की!"

शुक्रवारी पाहुण्यांच्या आधी आम्ही ओट्यावर हजर. बाबांनी प्रवेशाचा कागद वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "आप्पा, सुपारी राहू द्या."

वर्षभर अव्वांच्या माहेरी राहून परीक्षा दिली. सेकंड क्लास! तुळजापूरला मोटारीतून उतरले ती थेट दुकानाकडं धावले. गादीवर भलताच माणूस. आप्पा विषमज्वरानं माघातच गेले होते. "पोरीचा निकाल लागेस्तोवर कळवू नका," असं अव्वांना बजावून गेले होते. विजापुरात अव्वांच्या माहेरच्या माणसांनी माझ्या माघारी रडून घेतलं, पण मला कळू दिलं नाही.

नव्या मालकानं दुकान पांढरंशुभ्र करून घेतलं होतं. भर बाजारात मी त्या भिंतीला नाक लावलं. चुना अजून ओला होता. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बघेनात का!